पदराची गाठ, यादी आणि ॲप

रब्बी ज्वारीच्या वाणांवर काम करणाऱ्याला एक लहानसे पण चुकवून न चालणारे काम करावे लागते. कणीस पोटरीतून बाहेर आले, की फुलोरा सुरू होण्यापूर्वी त्याला कागदी पिशवी बांधायची. ज्वारी मुख्यतः स्वपरागित असली तरी शेजारच्या ओळीतला पराग वाऱ्याबरोबर येतो आणि काही दाणे संकरित होतात. पिशवी बांधली, की त्या कणसाचे बी शुद्ध राहते. फुलोरा कणसाच्या शेंड्याकडून सुरू होतो आणि खाली सरकत साधारण आठवडाभरात पूर्ण होतो. म्हणजे हाती असतात ते मोजके दिवस.

काही वर्षांपूर्वी परभणीच्या काळ्या रानात माझ्या बारा ओळी अशाच हातच्या गेल्या. काम मला माहीत नव्हते असे नाही. ते मोबाइलमधल्या ॲपमध्ये तारखेसह लिहिलेले होते. त्या ॲपमध्ये आणखी एकशेचाळीस कामे होती. प्रत्येकाला रंग, प्राधान्य, प्रकल्पाचे नाव, उपकामे आणि आठवणीची घंटा. त्या सकाळी नऊ घंटा वाजल्या. मी नऊही बोटाने बाजूला सारल्या आणि बैठकीला गेलो. आठवड्याने शेतात पोहोचलो तेव्हा कणसे तळापर्यंत फुलून गेली होती. एका हंगामाचे बी संशयास्पद ठरले, म्हणजे एक वर्ष गेले. शेतावर काम करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, “सर, मला सांगितलं असतं तर पदराला गाठ मारून ठेवली असती की!”

त्या वाक्याने मी थोडा ओशाळलो आणि विचारातही पडलो. एक गाठ जे काम करते, ते एवढे सोयीस्कर ॲप का करू शकले नाही? उत्तर शोधताना असे लक्षात आले, की कामांची यादी ही फार जुनी वस्तू आहे, आणि तिच्या इतिहासात आपल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आधीच मिळालेले आहे.

गाठ नेमके काय करते?

पदराला, उपरण्याच्या टोकाला किंवा रुमालाला गाठ मारण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुळलेली आहे, की ‘खूणगाठ बांधणे’ हा शब्दप्रयोगच त्यातून आला. गंमत अशी, की ही गाठ काहीच सांगत नाही. ‘काहीतरी करायचे आहे’ एवढेच ती सुचवते. काय करायचे ते डोक्यातच असते. गाठ फक्त योग्य वेळी हाताला लागते आणि ते वर आणते.

गाठीत माहिती साठवताच येत नाही असे मात्र नाही. दक्षिण अमेरिकेतील इंका लोक ‘कीपू’ नावाच्या दोऱ्यांच्या जुड्यांमध्ये गाठी मारून हिशेब ठेवत. गाठीचा प्रकार आणि दोरीवरची जागा यांवरून दशमान पद्धतीने संख्या वाचता येतात, हे लेलंड लॉक यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले. पण कीपू वाचायला जाणकार लागे. पदराच्या गाठीला कोणी लागत नाही. एक साठा आहे, दुसरी खूण आहे. हा फरक लक्षात ठेवू, कारण पुढे तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

मानसशास्त्रात पुढे करायच्या कामाची आठवण ही झालेल्या गोष्टीच्या आठवणीपेक्षा वेगळी मानतात. तिला आपण भावी स्मृती म्हणू. पानिपतची लढाई कधी झाली असे कोणी विचारले, तर तो प्रश्नच आठवणीला हाक मारतो. पण ‘उद्या तिसऱ्या तासानंतर मुख्याध्यापकांना कागद द्यायचा’ हे आठवायला उद्या कोणी प्रश्न विचारणार नसतो. हाक मारणारे काहीतरी आपणच ठेवावे लागते. गाठ ही ती हाक.

डोक्यात किती मावते?

मग सगळे डोक्यातच का ठेवू नये? जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये एक प्रसिद्ध निबंध लिहून सांगितले, की माणसाच्या अल्पकालीन स्मृतीत एका वेळी साधारण सात, दोन कमी किंवा दोन जास्त, इतके घटक राहतात. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी पुरावे पुन्हा तपासून हा आकडा चारच्या आसपास आणला. दळण, दूध, वीजबिल आणि हजेरीपट, एवढ्यात घर भरले!

दुसरी अडचण म्हणजे अर्धवट काम मनात घुटमळत राहते. बर्लिनमध्ये शिकणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये असे प्रयोग प्रसिद्ध केले, की मधेच थांबवलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा लोकांना जास्त आठवतात. नंतरच्या संशोधकांना हा परिणाम दर वेळी मिळाला नाही, हेही सांगायला हवे. पण २०११ मध्ये मॅसिकाम्पो आणि बाउमायस्टर यांनी एक उपयोगी गोष्ट दाखवली. अपुऱ्या कामाचे विचार वाचनात व्यत्यय आणतात. मात्र ते काम केव्हा आणि कसे करायचे याची नेमकी योजना आखली, की काम पूर्ण न होताही हा व्यत्यय बराच कमी होतो. म्हणजे मनाला काम संपण्याची नाही, तर ते विसरले जाणार नाही या भरवशाची गरज असते. यादीचा खरा उपयोग हा आहे.

गंगाखेडची जनाबाई आणि देवगिरीचा हेमाद्री

आता आपल्या परिसराकडे वळू. संत जनाबाई मूळच्या परभणी जिल्ह्यातल्या, गोदाकाठच्या गंगाखेडच्या. नामदेवांच्या घरी त्यांनी आयुष्यभर काम केले. त्यांच्या अभंगांत दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे अशी दिवसभराची कामे येतात. ही कामे त्यांनी कुठे लिहून ठेवली असतील असे वाटत नाही, आणि तशी गरजही नव्हती. पहाटे जाते, मग सडा, मग पाणी. एक काम संपले, की तेच पुढच्या कामाची खूण होते. रोजच्या कामांचा क्रम हीच त्यांची यादी असते.

जनाबाईंच्याच काळाच्या आसपास, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, देवगिरीला यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या पदरी हेमाद्री पंडित ‘श्रीकरणाधिप’, म्हणजे दप्तराचा प्रमुख होता. मोडी लिपी त्याने प्रचारात आणली असे परंपरा मानते. दगडी देवळांना आपण ‘हेमाडपंती’ म्हणतो ते त्याच्याच नावावरून. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला अशी देवळे पाहायला मिळतात. या हेमाद्रीने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ नावाचा प्रचंड ग्रंथ रचला. त्यातल्या व्रतखंडात वर्षभराच्या व्रतांची अशी जंत्री आहे, की ती सगळी पाळायला बसलेल्या माणसाला दुसरे काही करायला सवड उरणार नाही.

यात हेमाद्रीची चूक मुळीच नाही. तो कोश रचत होता. कोणी काय करावे हे पाहण्यासाठी तो उघडायचा, आपल्याला हवे ते निवडायचे आणि मिटायचा. चूक होते ती कोशालाच आजच्या कामांची यादी समजण्यात. माझ्या मोबाइलमध्ये मी नेमके हेच केले होते. एकशेचाळीस कामांचा माझा व्रतखंड मी रोज सकाळी उघडत होतो!

धर्मशास्त्रकारांनी कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भाग केले आहेत. नित्य म्हणजे रोजचे, नैमित्तिक म्हणजे काही निमित्ताने करायचे, आणि काम्य म्हणजे इच्छा असेल तर करायचे. धार्मिक अर्थ बाजूला ठेवून ही विभागणी आपल्या कामांना लावून पाहा. हजेरी घेणे हे नित्य. ते यादीत लिहिण्याची गरज नाही, घंटा वाजली की ते होते. ‘कधीतरी बासरी शिकायची’ हे काम्य. ते वहीच्या शेवटच्या पानावर असू द्यावे. यादीत उरायला हवे ते फक्त नैमित्तिक. माझी एकशेचाळीस कामे मी अशी चाळून पाहिली, तेव्हा नैमित्तिक निघाली अकरा.

यादी, कलम आणि टाचण

‘यादी’ हा शब्दच बोलका आहे. फारसीत ‘याद’ म्हणजे आठवण. लॅटिनवरून आलेल्या ‘मेमोरँडम’चाही मूळ अर्थ ‘लक्षात ठेवायची गोष्ट’ असाच आहे. मराठेशाहीच्या दप्तरात ‘यादी’ हा कागदाचा एक रूढ प्रकार होता. त्यात मुद्दे कलमवार लिहीत. कलम म्हणजे लेखणी, आणि तिने लिहिलेला एकेक मुद्दाही कलमच. आज कायद्याची कलमे आपण म्हणतो ती इथूनच आली. एकेक मुद्दा सुटा मांडला, की त्यावर एकेक निर्णय देता येतो. ही साधी युक्ती कारभाराचा कणा ठरली.

शिक्षकांना याच कुळातला आणखी एक शब्द रोज भेटतो. तो म्हणजे ‘टाचण’. विसरू नये म्हणून टिपून ठेवलेली नोंद ती टाचण. पाठाचे टाचण चांगले कोणते? ज्यात पाठातले पाच-सहा टप्पे एका नजरेत दिसतात ते. सगळे पाठ्यपुस्तक उतरवून काढलेले टाचण तपासणीला शोभते, पण फळ्यासमोर कामाला येत नाही, हे अनुभवी शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

मृगाची पेरणी

शेतकऱ्याकडेही कामांची यादी असते. पिढ्यान्‌पिढ्या ती नक्षत्रांच्या नावांनी तोंडपाठ ठेवली गेली. सूर्य मृग नक्षत्रात येतो साधारण ७-८ जूनला. मृग लागला की पेरणीची तयारी. यातही गाठीचेच तत्त्व आहे. काम मनात, आणि त्याची खूण आभाळात. पण नक्षत्र लागले तरी पाऊस लागेलच असे नाही, आणि मराठवाड्याइतके हे कोणाला ठाऊक असणार? म्हणून आज कृषितज्ज्ञ सांगतात, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. हा बदल लहान दिसतो, पण महत्त्वाचा आहे. यादीतली नोंद तारखेऐवजी परिस्थितीला बांधली गेली. ‘अमुक झाले, की तमुक करीन’ अशा शब्दांत केलेला संकल्प नुसत्या ‘करीन’पेक्षा पुष्कळ अधिक वेळा तडीला जातो, असे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये अनेक प्रयोगांच्या आधारे मांडले.

परभणीला १९७२ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्याच्या नावात वसंतराव नाईकांचे नाव आहे. या विद्यापीठाच्या कृषी दैनंदिनीत हंगामवार कामांची माहिती छापलेली असते. घरोघरी भिंतीवर ‘कालनिर्णय’ही १९७३ पासून आले. त्याच्या चौकोनांत दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा दिवस असे सगळे पेन्सिलीने लिहिले जाते. चौकोन एवढासा असतो, म्हणून त्यात दोन-तीनच शब्द मावतात. जागेची ही टंचाईच त्याचा गुण आहे. एका दिवसात एकशेचाळीस कामे लिहू म्हटले तरी ते लिहू देत नाही.

छोट्या यादीने वाचलेले जीव

यादी लहान ठेवणे हा केवळ आवडीचा प्रश्न नाही. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील राइट फील्डवर बोइंगचे नवे, चार इंजिनांचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. यंत्रात बिघाड नव्हता. जमिनीवर असताना वाऱ्याने शेपटीचे पंख हलू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायची राहून गेली होती. अनुभवी वैमानिक मेजर प्लॉयर हिल त्यात मरण पावले. यावर उपाय म्हणून जास्त प्रशिक्षणाऐवजी एक लहान तपासयादी तयार करण्यात आली. ती उड्डाणापूर्वी वाचायची. पुढे हेच विमान बी-१७ म्हणून हजारोंच्या संख्येने उडाले.

जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी अशीच १९ मुद्द्यांची यादी केली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यावर आले. हा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पण गोष्ट इथे संपत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात हीच यादी १०१ रुग्णालयांत लागू झाली. २०१४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय घट दिसली नाही. असे का, यावर बरीच चर्चा झाली. यादी मन लावून वाचली जाते, की खुणा करून फाइलला लावली जाते, हा प्रश्न त्या चर्चेत पुढे आला. वरून आलेले तक्ते भरणाऱ्या शिक्षकांना त्याचे मर्म लगेच कळेल.

खिशातली यादी

१९९६ मध्ये अमेरिकेत ‘पाम पायलट’ नावाचे खिशात मावणारे यंत्र निघाले. ते घडवणाऱ्या जेफ हॉकिन्स यांनी आधी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात बाळगला. बैठकीत वेळ नोंदवायची असली, की ते ठोकळा काढून त्यावर लिहिल्याचे सोंग करत. यंत्रात काय हवे आणि काय नको हे त्यांनी अशा रीतीने ठरवले. तयार यंत्रावर मुख्य कामांसाठी चारच बटणे होती, आणि त्यातले एक कामांच्या यादीचे होते.

पुढे स्मार्टफोन आले आणि यादीची ॲप शेकड्यांनी निघाली. स्पर्धेत टिकायचे तर दर वर्षी नवी सोय दाखवावी लागते. म्हणून साधी सुरू झालेली ॲपही फुगत जातात. शिवाय ती आपल्या हातची नसतात. बर्लिनमध्ये तयार झालेले ‘वंडरलिस्ट’ हे लोकप्रिय ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतले आणि २०२० मध्ये बंद केले. लाखो लोकांना आपल्या याद्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या. याउलट जिना ट्रापानी यांनी २००६ मध्ये यादी ठेवण्याची एक पद्धत सुचवली. साधी मजकुराची फाइल, आणि एका ओळीत एक काम. ती कोणत्याही यंत्रावर उघडते. आपल्या कलमवार यादीशी तिचे नाते जुळते ते असे!

जिंतूरजवळच्या नेमगिरीला जैन लेणी आहेत. जैन परंपरेच्या पाच व्रतांपैकी एक आहे अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा अधिक न साठवणे. पाहायला गेले तर यादीलाही हे व्रत लागू पडते. ॲप निवडायचेच असेल, तर मी स्वतःला पुढील प्रश्न विचारतो. काम सुचल्यापासून लिहून होईपर्यंत किती वेळ लागतो? दहा सेकंदांहून जास्त लागत असेल, तर ते लिहिले जाणार नाही. शेतात, जिथे रेंज नसते, तिथे ते उघडते का? देवनागरीत सहज लिहिता येते का? सगळी यादी साध्या मजकुरात बाहेर काढता येते का? झालेले काम नजरेआड होते का? आणि ते मला आणखी काय काय करायला सुचवते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर ते ॲप चांगले. बहुतेक मोबाइलमध्ये आधीपासून असलेली साधी टिपणवही या परीक्षेत उत्तीर्ण होते. खिशातली चार आण्यांची चिठ्ठीही होते.

आता माझ्या यादीत एका वेळी दहाच्या वर कामे नसतात. पिशव्यांचे काम तिच्यात ‘पोटरी फुटली, की पिशवी’ असे लिहिलेले असते. शिवाय पोटरी दिसू लागली, की ओळीतल्या पहिल्या ताटाला मावशी लाल दोरा बांधतात, आणि मला निरोप देतात. त्यानंतर एकही ओळ चुकलेली नाही. श्रेय ॲपचे किती आणि दोऱ्याचे किती, हे मोजण्याचा प्रयोग मात्र मी केलेला नाही.

वर्गात करून पाहा

मोजण्यासारखा एक प्रयोग तुम्हाला वर्गात करता येईल. मुलांना सांगा, “उद्या मधल्या सुट्टीची घंटा झाली, की प्रत्येकाने मला एक चिंचेचे पान आणून द्यायचे.” वर्गाचे तीन गट करा. पहिल्या गटाने काहीच करायचे नाही. दुसऱ्याने वहीत लिहून ठेवायचे. तिसऱ्याने मनगटाला दोरा बांधायचा. त्यानंतर त्याविषयी एक शब्दही बोलू नका. दुसऱ्या दिवशी कोणत्या गटातून किती पाने आली ते फळ्यावर मांडा. दोरा बांधूनही कोणी विसरले असेल, तर दोरा दिसला होता का आणि तो कशाचा होता हे आठवले का, असे दोन्ही प्रश्न विचारा. मग वहीत लिहिलेल्यांना विचारा, की वही उघडली होती का. पुढच्या आठवड्यात एका पानाऐवजी दहा वेगवेगळी कामे द्या आणि आकडे कसे बदलतात ते पाहा. गाठ कुठे पुरते आणि यादी कुठून लागते, हे मुले स्वतःच सांगतील.